रोबोटने चांगलं, पण कशापेक्षा?

कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि त्यांच्या रुग्णालयांची व्यवस्थापनं यांना खुलं पत्र

सन्माननीय डॉक्टर मंडळी आणि व्यवस्थापक,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी डॉक्टर नाही. घरातल्या आजारपणामुळे या विषयावरचे शोधनिबंध वाचायची सवय लागली. मग ओळखीपाळखीचे लोक आपापल्या फायली घेऊन येऊ लागले. ऑपरेशनचं ठरलेलं असतं, संमतिपत्रावर सही व्हायची असते, आणि विचारायचं एकच असतं: रोबोटने करून घ्यावं का? त्यांना तुम्ही काय सांगितलं, असं मी विचारते. उत्तर जवळजवळ नेहमी एकाच धाटणीचं येतं: रक्त कमी जातं, दुखतं कमी, घरी लवकर जाता येतं, नेमकेपणा जास्त. हे सगळं कशाच्या तुलनेत, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

हा त्यांच्या समजुतीचा दोष म्हणावा, तर अमेरिकेतल्या ४०० रुग्णालयांच्या संकेतस्थळांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली होती. रोबोटिक शस्त्रक्रियेबद्दल लिहिणाऱ्या संकेतस्थळांपैकी ८६ टक्क्यांनी ती सरस असल्याचं म्हटलं होतं. ३२ टक्क्यांनी कर्करोगावर अधिक चांगलं नियंत्रण मिळतं, असा दावा केला होता. कशाशी तुलना करून हे म्हणतो, हे सांगणारी संकेतस्थळं होती २ टक्के. धोक्यांचा उल्लेख एकानेही केलेला नव्हता. मजकूर किंवा चित्रं ७३ टक्क्यांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडूनच घेतली होती. पाहणी जुनी आहे, पण माझ्याकडे येणारी माहितीपत्रकं अजून त्याच वळणाची आहेत.

यंत्राला नावं ठेवायला हे पत्र लिहिलेलं नाही, म्हणून त्याचे गुण आधी सांगते. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी २००० साली मिळाली. कन्सोलवर, म्हणजे यंत्र चालवायच्या बैठकीवर, बसलेल्या सर्जनला आतलं चित्र मोठं आणि त्रिमितीय दिसतं. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमधली बहुतेक हत्यारं सरळ दांडीची असतात. इथे ती टोकाशी मनगटासारखी वळतात. हाताचा कंप गाळला जातो. ओटीपोटाच्या तळाशी, जिथे हात शिरायला जागा नसते आणि अगदी जवळ मूत्राच्या नियंत्रणाच्या नसा असतात, तिथे टाके घालायला याचा उपयोग होतो, यात शंका नाही. सर्जनच्या मानेचे आणि पाठीचे हालही कमी होतात. हे कारण तुम्ही पेशंटसमोर कधी बोलत नाही. खरं तर ते सांगण्यात संकोच वाटावा असं काही नाही. सहा तास वाकून उभा राहिलेला सर्जन आणि बसून काम केलेला सर्जन यांत फरक पडणारच.

आता दुसरी बाजू. आजवर वापरात असलेल्या बहुतेक यंत्रांत हत्यार ऊतीवर किती जोर देतंय हे सर्जनच्या हाताला कळत नाही. ते डोळ्यांनी ताडावं लागतं. हा जोर हाताला जाणवून देणारी पिढी २०२४ मध्ये आली. सर्जन स्वतः टेबलापासून काही फुटांवर बसलेला असतो. पेशंटच्या अंगाशी असतो तो सहाय्यक. हत्यारं बदलणं, रक्त ओढून घेणं, अचानक मोठी रक्तवाहिनी फुटली तर पहिले काही क्षण सांभाळणं, हे सगळं त्याच्याकडे. तरीही ऑपरेशनच्या वेळी टेबलाशी कोण असेल, हे पेशंटला सांगितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. यंत्र आपणहून एक टाकाही घालत नाही, हेसुद्धा कित्येकांना माहीत नसतं. ऑपरेशन मशीनच करतं, अशा समजुतीने लोक सही करतात, आणि ही समजूत खोडायची घाई कोणाला दिसत नाही.

माझी पहिली तक्रार तुलनेच्या निवडीबद्दल आहे. रक्त कमी जाणं, जखम लहान असणं, लवकर घरी जाणं हे फायदे पोट उघडून केलेल्या ऑपरेशनच्या तुलनेत खरे आहेत. पण त्यातले बरेचसे साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशननेही मिळतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात दुर्बिणीने केलं तरी आजार परतण्याचं प्रमाण वाढत नाही, हे ८७२ पेशंटच्या अमेरिकी चाचणीने २००४ सालीच दाखवलं होतं. ज्या रुग्णालयात दुर्बिणीचं ऑपरेशन सर्रास होतं, तिथे रोबोटचे फायदे सांगताना शेजारी पोटावरच्या लांब व्रणाचं चित्र लावणं ही लबाडी आहे. त्या पेशंटपुढचा खरा पर्याय तो लांब व्रण नसतोच. रोबोटची तुलना दुर्बिणीशी करा आणि मग काय उरतं ते सांगा.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कमी दुखणं म्हणजे कर्करोगही अधिक चांगला निघणं, असा अर्थ पेशंट काढतो, आणि तुम्ही तो काढू देता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने इतक्या कठोरपणे शिकवलं आहे, की त्यानंतर कोणी त्या एकत्र बोलू नयेत.

तो इतिहास तुम्हाला पाठ असेल. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी सांगते. सुरुवातीच्या टप्प्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगात गर्भाशय आजूबाजूच्या ऊतींसह काढतात. हे ऑपरेशन दुर्बिणीने आणि मग रोबोटने करायची रीत दहा-बारा वर्षांत पसरली. जुन्या नोंदी चाळून केलेले अभ्यास सांगत होते, की निकाल सारखेच आहेत आणि स्त्रिया लवकर घरी जातात. मग चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून चाचणी झाली. ६३१ स्त्रिया, ३३ केंद्रं. निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी आजार न परतता असलेल्या स्त्रिया ओपन, म्हणजे पोट उघडून ऑपरेशन झालेल्या, गटात ९६.५ टक्के होत्या, लहान छिद्रांतून ऑपरेशन झालेल्या गटात ८६ टक्के. तीन वर्षांनी हयात असलेल्या ९९ टक्के आणि ९३.८ टक्के. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. लहान जखमेचं ऑपरेशन झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जास्त होते.

यावरचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो मला दोन वेगवेगळ्या सर्जननी ऐकवला आहे: त्या गटात रोबोटची ऑपरेशनं जेमतेम १५.६ टक्के होती, बाकी सगळी साध्या दुर्बिणीची, तेव्हा दोष रोबोटचा नाही. आक्षेप आकड्यापुरता बरोबर आहे. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या राष्ट्रीय नोंदींवरून झालेला दुसरा मोठा अभ्यास आला. त्यात लहान छिद्रांतून झालेल्या ऑपरेशनांपैकी जवळपास ८० टक्के रोबोटने झालेली होती. चार वर्षांतले मृत्यू तिथेही जास्त होते: ९.१ टक्के, ओपनमध्ये ५.३ टक्के. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, चाचणीइतका भक्कम नाही, हे मान्य. तरी रोबोट निर्दोष आहे हे दाखवायची जबाबदारी आता रोबोट वापरणाऱ्यावर येते. पेशंटने ती का उचलावी?

कारणं काय असावीत? गर्भाशय हलवायला योनिमार्गातून घालतात ते उपकरण गाठीवर दाब देत असावं. योनीचा वरचा भाग पोटाच्या आतून कापताना गाठीच्या पेशी पोटात सांडत असाव्यात. फुगवलेल्या पोटातला कार्बन डायऑक्साइड त्यांना पसरायला मदत करत असावा. ही अनुमानं आहेत आणि त्यांवरून ऑपरेशनची पद्धत सुधारायचे प्रयत्नही झाले आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला, की स्तन काढण्याच्या शस्त्रक्रियेत किंवा कर्करोग रोखण्यासाठी वा बरा करण्यासाठी रोबोटिक उपकरणांची सुरक्षितता आणि परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. यंत्राला मंजुरी आहे म्हणजे कर्करोगासाठी ते चांगलं ठरलं आहे, असं समजणाऱ्यांनी तो इशारा पुन्हा वाचावा.

याच गर्भाशयात काही सेंटीमीटर वर सरकलं की चित्र उलटं होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगात, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधल्या ७६० स्त्रियांच्या चाचणीत, साडेचार वर्षांनी आजारमुक्त असलेल्यांचं प्रमाण ओपनमध्ये ८१.३ टक्के आणि दुर्बिणीने ८१.६ टक्के होतं. म्हणजे इथे लहान छिद्रं वापरायला भीती नाही, आणि ज्यांचं वजन जास्त आहे अशा स्त्रियांना मोठी जखम टाळल्याचा फायदाही मोठा. तेव्हा एकाच ओपीडीत शेजारी शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला लहान छिद्रांचं ऑपरेशन सुचवणं योग्य आणि दुसरीला तेच सुचवणं धोक्याचं असू शकतं. दोघींच्या हातात मात्र एकच गुळगुळीत पत्रक असतं: ‘स्त्रियांसाठी रोबोटिक कर्करोग शस्त्रक्रिया’. अशा पत्रकाला काय म्हणावं?

प्रोस्टेट हे रोबोटचं हक्काचं अंगण. काही देशांत आता ओपन ऑपरेशन शोधावं लागतं. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांना ओपन आणि रोबोटिक अशा दोन गटांत विभागून चाचणी झाली. पहिले निकाल २०१६ साली आणि दोन वर्षांनंतरचे २०१८ साली आले. बारा आठवड्यांनी किंवा चोवीस महिन्यांनी लघवीवरच्या ताब्यात आणि लैंगिक क्षमतेत दोन्ही गटांत फरक सापडला नाही. रोबोटमध्ये रक्त बरंच कमी गेलं. रक्तातल्या पीएसए या प्रोस्टेटमधून येणाऱ्या प्रथिनाच्या पातळीवरून आजार परतल्याचं प्रमाणही रोबोट गटात कमी दिसलं, पण ऑपरेशननंतरचे उपचार दोन्ही गटांत एकसारखे ठरवून दिलेले नसल्याने यावर फार भिस्त ठेवू नका, असं संशोधकांनी स्वतःच लिहिलं.

या चाचणीतली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट आकड्यांत नाही. ओपन ऑपरेशनं सगळी एका सर्जनने केली आणि रोबोटिक सगळी दुसऱ्या एकाने. ओपनवाल्याचा अनुभव दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. यावर रोबोटचे समर्थक म्हणतात, बघा, कमी अनुभवातही यंत्राने बरोबरी साधून दिली. विरोधक म्हणतात, मुरलेला हात असला तर यंत्राची गरजच काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आणि दोघांचंही म्हणणं शेवटी हातावरच येऊन थांबतं. मग पेशंटला यंत्राचं मॉडेल सांगता आणि त्या यंत्रावर त्या हातांनी किती ऑपरेशनं केली हे सांगत नाही, हे कसं?

मूत्राशयाच्या कर्करोगात पुरावा बऱ्यापैकी स्वच्छ आहे. अमेरिकेतल्या १५ केंद्रांच्या २०१८ सालच्या चाचणीत दोन वर्षांनी आजार न वाढलेले पेशंट रोबोटने ७२.३ टक्के आणि ओपनने ७१.६ टक्के. म्हणजे कर्करोगाच्या दृष्टीने रोबोट कमी पडला नाही, सरसही ठरला नाही. तिथे मूत्राशय रोबोटने काढून लघवीची नवी वाट बाहेरून, छेद घेऊन तयार केली होती. ब्रिटनमधल्या २०२२ सालच्या चाचणीत तीही आतल्या आत, रोबोटनेच केली. पहिल्या ९० दिवसांत पेशंट रुग्णालयाबाहेर किती दिवस राहिला, हे त्यांनी मोजलं: रोबोट ८२ दिवस, ओपन ८०. दोन दिवसांचा फरक. रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास मात्र १.९ टक्के विरुद्ध ८.३ टक्के, आणि जखमेच्या तक्रारी ५.६ विरुद्ध १६ टक्के. हा ठळक फायदा आहे, आणि मूत्राशय काढावं लागणारी माणसं बहुधा वयस्क असतात हे लक्षात घेता मोलाचा आहे. माझ्याकडे असा पेशंट आला तर मी त्याला रोबोटबद्दल जरूर विचारा असं सांगते. अन्ननलिकेचंही तसंच काहीसं: नेदरलँड्समधल्या ११२ पेशंटच्या चाचणीत छाती उघडून केलेल्या ऑपरेशनच्या मानाने रोबोटच्या गटात गुंतागुंती कमी झाल्या, ८० टक्क्यांवरून ५९ टक्के. पण तुलना ओपनशी होती, दुर्बिणीशी नव्हती, हेही त्याच दमात सांगायला हवं.

गुदाशयाच्या कर्करोगात तर पुरावा डोळ्यांसमोर बदलला. २०१७ साली दहा देशांतल्या ४७१ पेशंटच्या चाचणीत रोबोटची तुलना साध्या दुर्बिणीशी केली गेली. ऑपरेशन अर्ध्यात सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटने ८.१ आणि दुर्बिणीने १२.२ टक्के, संख्याशास्त्राच्या कसोटीला हा फरक उतरला नाही, आणि रोबोट महाग पडला. मात्र त्यातल्या सर्जनांचा दुर्बिणीच्या मानाने रोबोटवरचा अनुभव कमी होता. पुढे चीनमधल्या ११ रुग्णालयांत १,२४० पेशंटची चाचणी झाली. काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत कर्करोग पोहोचलेला असण्याचं प्रमाण रोबोटने ४ टक्के, दुर्बिणीने ७.२ टक्के. तीन वर्षांत त्याच जागी आजार परतण्याचं प्रमाण १.६ आणि ४ टक्के. योग्य तुलना, योग्य मोजमाप, मोठा आकडा: रोबोटच्या बाजूने बोलायचं तर असं बोलावं. गाठ गुदाशयाच्या खालच्या-मधल्या भागात असेल आणि सर्जन या कामात मुरलेला असेल, तर रोबोटचा आग्रह धरायला आता आधार आहे. तोच आधार मोठ्या आतड्याच्या वरच्या भागातल्या गाठीला लावू नका.

व्यवस्थापकांशी थोडं पैशाबद्दल. यंत्राची किंमत, देखभालीचा वार्षिक करार, आणि ठरावीक वापरांनंतर बाद होणारी हत्यारं. हे वापर यंत्र स्वतः मोजतं आणि संपले की हत्यार चालू देत नाही. इतकी गुंतवणूक झाल्यावर यंत्र रिकामं ठेवणं परवडत नाही, हे मला समजतं. पण ती ओढ पेशंटच्या खुर्चीपर्यंत पोहोचते. सर्जनांच्या महिन्याच्या रोबोटिक केसेस तुम्ही मोजत असाल, तर तो दबाव कोणत्या पेशंटवर जाऊन पडतो, याचाही हिशेब ठेवा. आणि ज्याला रोबोट झेपत नाही तो घरी काय घेऊन जातो? आपल्या माणसाला आपण दुय्यम उपचार दिले, ही बोच. अशी कर्जं काढलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांपैकी काहींच्या आजारात त्या कर्जाने कर्करोगाच्या दृष्टीने काहीही जास्त मिळणार नव्हतं. रोबोटची तारीख मिळावी म्हणून ऑपरेशन आठवडे-आठवडे पुढे ढकललं जातं, तो प्रकार तर याहून वाईट.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक अवयवासाठी वेगळं माहितीपत्रक असावं आणि त्यात तुलना कशाशी केली ते पहिल्याच ओळीत असावं. आजार परतणं, शरीराचं काम पूर्ववत होणं आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे, या तिन्हींबद्दल स्वतंत्रपणे सांगावं. ‘परिणाम चांगले’ असं एकत्र गाठोडं बांधू नये. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात लहान छिद्रांचं ऑपरेशन सुचवत असाल तर २०१८ चे आकडे संमतिपत्रात छापावेत आणि तरीही का सुचवता हे सर्जनने स्वतःच्या अक्षरात लिहावं. आणि परक्या देशांतल्या चाचण्यांच्या जोडीला तुमच्या रुग्णालयाचे आकडे द्यावेत: या सर्जनने हे ऑपरेशन रोबोटवर किती वेळा केलं, कितींदा पोट उघडावं लागलं, कडेला कर्करोग कितींच्यात सापडला, महिन्याभरात कितीजण परत भरती झाले. नोंदी तुमच्याकडे असतातच. पेशंट मागत नाही, कारण असं मागता येतं हे त्याला ठाऊक नसतं.

एक प्रश्न तरुण सर्जनांना शिकवणाऱ्यांसाठी. रोबोटवरच तयार झालेल्या पिढीला पोट उघडून काम करायची वेळ येते ती बहुधा सर्वांत अवघड क्षणी, रक्तस्राव थांबत नसताना. तेव्हा लागणारा सराव तुम्ही त्यांना कुठून देता? शिवाय पेशंटने नीट विचार करून ओपन किंवा साधी दुर्बीण मागितली, तर तुमच्या विभागात ते ऑपरेशन सफाईने करणारं कोणी आज आहे का, आणि पाच वर्षांनी असेल का? याचं उत्तर जाहीरपणे द्यावं, ही विनंती.

आपली,
एका पेशंटची मुलगी